हप्ता ठरलेला, पाऊस न ठरलेला

पत्र (थोडं संक्षिप्त करून): "ताई, नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातली. आमची सहा एकर जमीन. अडीच एकर सीनेच्या काठाला काळी, साडेतीन वरच्या अंगाला मुरमाड. वर दोन एकर डाळिंब आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा टँकर लावून बाग जगवली. त्यासाठी गावातल्याच एकाकडून दीड लाख घेतले, महिना तीन टक्क्यांनी. गेल्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. काठचा कांदा तर गेलाच, मातीही गेली, आता नुसते गोटे दिसतात. डाळिंबात पुराचं पाणी शिरलं नाही, पण महिनाभराच्या पावसानं तेल्या आला आणि फळ तोडून बांधावर टाकावं लागलं. सोसायटीचं पीककर्ज एक लाख ऐंशी हजार आहे, बँकेचं ठिबकचं आणि बागेचं साडेतीन लाख बाकी आहे. मालक म्हणतात, काठची जमीन विकू, गिऱ्हाईक आलंय. देणी फेडू आणि नवीन कर्ज काढून पुन्हा डाळिंब लावू. मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटी आहे, एकोणीस हजार पगार. तो म्हणतो, सगळंच विका आणि इकडं या. सासूबाई म्हणतात, जमीन विकली तर मी अन्न घेणार नाही. मालक दरवर्षी गड्ड्याला जाऊन भाकणूक ऐकायचे. यंदा गेले नाहीत. मी कुणाचं ऐकू?"

ताई,

तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत वासरू कशाला तोंड लावतंय त्यावरून पुढच्या वर्षाचा अंदाज सांगतात, तीच ही भाकणूक. होम मैदानावर थंडीत उभं राहून ती बघणाऱ्या माणसाच्या मनात पुढची पेरणी असते. ती असते म्हणून तो जातो. तुमचे मालक यंदा गेले नाहीत, आणि हे तुम्ही कुणी न विचारता लिहिलंत, म्हणजे तुम्हालाही ते टोचलंय. म्हणून जमीन, कर्ज, डाळिंब सगळं बाजूला ठेवून आधी त्यांच्याबद्दल. ते नीट जेवतात का, रात्री झोपतात का, पारावर जाणं बंद झालंय का, हे बघा. फवारणीची औषधं घरात असतील तर आजच शेजारी किंवा भावकीत कुणाकडे तरी कुलपात ठेवायला द्या. १४४१६ हा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः आधी लावून बोललात तरी चालेल. आणि मुलाला पैसे पाठव म्हणण्याआधी एवढंच सांगा की चार दिवसांची रजा काढून ये, बापाजवळ बस.

आता तुमचा प्रश्न. घरात तीन मतं आहेत आणि तिन्ही जमिनीबद्दल आहेत. मला मात्र तुमच्या पत्रात जमिनीपेक्षा हप्ता मोठा दिसतो. मी बँकेत पंचवीस वर्षं शेतीकर्जाच्या फायली पाहिल्या, म्हणून माझी नजर तिकडे आधी जाते असं म्हणा हवं तर. पण गेल्या दहा-बारा वर्षांत जी घरं डोळ्यांदेखत खचली, ती एका दुष्काळानं किंवा एका पुरानं खचली नाहीत. एका वर्षाचा खड्डा बुजवायला काढलेल्या कर्जाचा हप्ता दुसऱ्या वर्षाच्या खड्ड्यात पडला, तिथं ती खचली. तुमचंच बघा. दुष्काळात टँकरसाठी उसने काढले, ते बाग आली की फिटणार होते. बाग आली, फळ धरलं, आणि मग पाऊस उघडेचना.

हे नशीब म्हणून सोडून देऊ नका. पूर्वी आपल्याकडे तीन-चार वर्षांत एक वर्ष वाईट जायचं आणि मधली बरी वर्षं ते भरून काढायची. सोलापूर पर्जन्यछायेतला जिल्हा, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला सगळ्यात मोठा वाटा सप्टेंबरचा. ही सरासरी आजही कागदावर फारशी हललेली नाही. हललंय ते तिच्या आतलं. हवा एका अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं. त्यामुळे पाऊस लांबतो, आणि येतो तेव्हा चार दिवसांत महिन्याचा येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. आपण तर ते अडीच वर्षांच्या आत बघितलं. २०२३ ला पावसानं पाठ फिरवली, जिल्ह्यातले बार्शी, माढा, करमाळा, सांगोला, माळशिरस दुष्काळी जाहीर झाले, २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपून मृतसाठाही उतरला. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच माढा-करमाळ्यात सीनेनं गावं वेढली, लांबोटीजवळ पुणे हमरस्ता बंद पडला.

माझे वडील बार्शी तालुक्यातले. नक्षत्रावर पाऊस लिहून ठेवायची त्यांची वही होती. त्यात 'उत्तरा, वाफसा बरा, शाळू पेरला' असं दरसाल दोन-चार दिवसांच्या फरकानं सापडायचं. त्या तारखांवर त्यांचा सोसायटीचा हप्ताही बसलेला होता. शेवटच्या काही वर्षांत त्याच पानांवर खाडाखोड दिसते, पेरलं, मोडलं, पुन्हा पेरलं. 'पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती' असं आपण म्हणतो. नान्नजच्या द्राक्षवाल्याला विचारा. त्यानं ऑक्टोबरची छाटणी केलेली असते, कोवळा घड बाहेर असतो आणि स्वातीचा पाऊस येतो. डाऊनी (केवडा) आणि घडकुजी या रोगांची फवारणी करता करता त्याचा जीव जातो.

पैशाच्या बाजूनं याचा अर्थ असा की खर्च वाढला, उत्पन्न डळमळीत झालं आणि भावाचा आधारही गेला. या शेवटच्याबद्दल फार कमी बोललं जातं, म्हणून जरा थांबते. पीक कमी आलं की भाव चढतो आणि शेतकऱ्याचं थोडं भरून निघतं, असं आपल्या मागच्या पिढीचं गणित होतं. तुमचा कांदा सोलापूरच्या मार्केट यार्डात जातो. २०२३ च्या खरिपात पाऊस कमी, कांदा कमी, भाव चढायला लागले, तसा डिसेंबरात केंद्रानं निर्यातबंदी घातली आणि ती मे २०२४ पर्यंत राहिली. म्हणजे पीक बुडाल्याचं नुकसान तुमचं, आणि त्यामुळे भाव चढला तर तो खाली आणण्याचा भारही तुमच्यावरच. अतिवृष्टीत उलट. भिजलेला माल टिकत नाही, सगळ्यांना एकदमच यार्डात आणावा लागतो, आणि अडत्यापुढे गाड्यांची रांग लागली की भाव कुठं जातो ते तुम्हाला मी सांगायला नको. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणीतच म्हटलंय की हवामान बदलामुळे शेतीचं उत्पन्न सरासरी १५ ते १८ टक्के आणि कोरडवाहू भागात २० ते २५ टक्क्यांपर्यंत घटू शकतं. हा आकडा मी तुम्हाला घाबरवायला देत नाही. बँकेचा हप्ता ठरवताना वीस-पंचवीस टक्क्यांची ही घट कुणीच धरलेली नसते, म्हणून देते.

तर माझं मत. मालक देणी फेडू म्हणतात ते बरोबर. नवीन कर्ज काढून लगेच पुन्हा डाळिंब, हे चूक. मुलाचं सगळं विकणंही चूक. आणि सासूबाईंचं म्हणणं मला या वर्षापुरतं तरी सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

काठची जमीन आज विकणं म्हणजे अंगावरची माती गेलेली जमीन गोट्यांच्या भावानं देणं. आत्ता आलेलं गिऱ्हाईक काय समजून आलंय ते तुम्हीही ओळखता. त्याला माहीत आहे की पुरेसा गाळ पडला की ती पुन्हा काळी होणार. तोच गाळ तुम्ही आणा. खरडून गेलेल्या जमिनीसाठी ऑक्टोबर २०२५ च्या मदतीत हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतचं काम धरलेलं आहे. रोख आली नसेल तर तलाठ्याकडे पंचनाम्यात 'पीक नुकसान' लिहिलंय की 'जमीन खरडली' लिहिलंय ते आधी बघा. ही दोन वेगळी कलमं आहेत आणि घाईत पहिलंच लिहिलं जातं. रोजगार हमीच्या भागासाठी ग्रामरोजगार सेवकाच्या मागं लागावं लागेल. तलावाचा गाळ न्यायला 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना आहे. त्यासाठी एप्रिल-मे हेच दिवस, तळी उघडी पडतात तेव्हा.

आणि पुढं एक नियमच करा: पुराच्या महिन्यात काठाला पैसा उभा ठेवायचा नाही. गाळ पसरला की जूनमध्ये तिथं ताग टाका. बियाण्याचा खर्च तेवढा होईल. ऑगस्टात तो गाडा, जमिनीला खत होईल. सप्टेंबरचा पूर येवो न येवो, तुमचं काही जाणार नाही. तो ओसरला, वाफसा आला की हस्तात शाळू आणि थोडा हरभरा. सासूबाईंच्या डब्यात मालदांडीचं बी असणार, मला खात्री आहे. शाळूत पैसा नाही हे तुम्ही म्हणाल. उपटायला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर रोज परवडत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण घरची भाकरी आणि म्हशीचा कडबा विकत घ्यावा लागला नाही की ती रक्कम वहीत जमेच्या बाजूला धरा, मग शाळू एवढा हलका वाटणार नाही. शिवाय त्याला टँकर लागत नाही, जमिनीत मुरलेल्या ओलीवर तो उभा राहतो. सोलापूरचं १९३३ पासूनचं कोरडवाहू संशोधन केंद्र हेच सांगतं: रान उताराला आडवं बांधून लहान सपाट वाफे करा, पावसाळ्याचं पाणी तिथल्या तिथं मुरवा. वाफे पाडायच्या सारा यंत्रानं हे काम लवकर होतं.

ऊस का नाही, असं मालक विचारतील. प्रश्न रास्त आहे. ऊस पुरात तग धरतो आणि आपल्याकडे भाव कायद्यानं ठरलेला असा तोच एक, म्हणून तर सगळा जिल्हा तिकडं वळला. पण तुमची विहीर २०२४ ला आटली होती. बारा-चौदा महिने पाणी मागणारं पीक आटणाऱ्या विहिरीवर लावलं की पुन्हा टँकर, आणि टँकर म्हणजे पुन्हा तोच गावातला माणूस.

डाळिंबाबद्दल मला वाईट वाटतं. फळावर तो काळा तेलकट डाग आणि त्यातून गेलेली आडवी-उभी चीर बघितली की घरातलं कुणी आजारी असल्यासारखं होतं. सांगोल्याकडे खोडकिड्यानं बागाच्या बागा उपटाव्या लागल्या तेव्हा लोकांनी भाऊ गेल्यासारखं केलं होतं. पण या तेल्या रोगाचे जिवाणू पडलेल्या पाल्यात, फांद्यांच्या डागांत जिवंत राहतात. त्याच जागेत, शेजारची बाग रोगट असताना, कर्ज काढून नवी रोपं लावणं म्हणजे उधारीवर रोग आणणं. दोन एकरांतली जास्त लागण असलेली एक एकर काढा, पालापाचोळा बांधावर न टाकता जाळा. बांधावर टाकलेली फळंही उचला, पत्र वाचताना मला त्याचीच काळजी वाटली. राहिलेली एक एकर छाटणी करून सांभाळा आणि मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर फुलवायचा, तो धरू नका. ऐन पावसात कोवळं फळ म्हणजे तेल्याला आवतण. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलवायच्या हस्त बहारात फळ कोरड्या दिवसांत वाढतं, लागण कमी राहते. त्यातही अडचण आहेच, तेव्हा पाऊस लांबला तर फुलोऱ्याआधी पाणी तोडून द्यायचा ताण झाडाला बसत नाही. म्हणून केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात जा, मोहोळहून सोलापूरला येताना हमरस्त्यालाच आहे. रोगट फळ आणि फांदी पिशवीत बांधून न्या, मालकांनाच न्या. शास्त्रज्ञाशी झाडाबद्दल बोलताना ते बहुतेक पुन्हा पहिल्यासारखे बोलू लागतील.

मोकळ्या झालेल्या वरच्या रानात बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरी, एक ओळ तूर. यात कुणी श्रीमंत होत नाही. एक गेलं तर दुसरं हाताशी राहतं, आणि दोन्हीला मिळून भांडवल थोडं लागतं.

आता देणी. तुमची तीन कर्जं मिळून सहा लाख ऐंशी हजार होतात, पण ती सारखी नाहीत. दीड लाखावर महिना तीन टक्के म्हणजे महिन्याला साडेचार हजार, वर्षाला चोपन्न हजार. वीस महिने धरले तर नव्वद हजार नुसतं व्याज झालं, मुद्दल जागेवर. हे सगळ्यात लहान दिसणारं कर्ज तुमचं सगळ्यात मोठं आहे. आधी हे. नुकसानभरपाईची रोख, मुलाची दिवाळीची काही शिल्लक असेल तर ती, आणि उरलेल्यासाठी तुमचा बचत गट. गटाच्या बँक कर्जाला वर्षभरात जेवढं व्याज पडतं, तेवढं त्या माणसाकडे काही महिन्यांतच जातं. एक कर्ज काढून दुसरं फेडू नका असं मी एरवी सांगते. इथं मात्र महाग कर्ज स्वस्तात बदलून घ्यायचंय, नव्या खर्चाला एक रुपया काढायचा नाही. आणि त्या माणसाकडे सावकारीचा परवाना आहे का ते तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे विचारा. २०१४ च्या सावकारी कायद्यानं विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. त्यानं पैसे देताना जमिनीच्या कुठल्या कागदावर सह्या घेतल्यात का? खरेदीखत, साठेखत, काहीही? तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत. घेतल्या असतील तर आधी हे मला कळवा, कारण सावकारीतून लिहून घेतलेली जमीन परत मिळवायचा मार्ग त्या कायद्यात आहे, आणि तो वकिलासोबत चालायला हवा.

सोसायटीचं आणि बँकेचं कर्ज बुडवायचं नाही, पण यंदा रेटायचंही नाही. पूरग्रस्त भागात शेतीकर्जाच्या वसुलीला एक वर्ष स्थगिती आणि सहकारी कर्जाचं पुनर्गठन, म्हणजे हप्ते नव्यानं बांधून देणं, सरकारनं जाहीर केलंय. पुनर्गठन आपोआप होईल म्हणून घरी बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पुनर्गठन म्हणजे माफी नाही, व्याज चालू राहतं. पण खातं थकीत होत नाही, आणि पुढच्या हंगामाचं दार उघडं राहतं. वेळेवर फेडलेल्या तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला आपल्या राज्यात व्याज पडत नाही. ती सवलत पुन्हा लागू होईल अशा ठिकाणी हळूहळू परत यायचंय. माफीच्या चर्चेवर मात्र काही ठरवू नका.

विमा काढा. पण त्याला वहीत जमा धरू नका. २०२५ च्या खरिपापासून पीकविमा महसूल मंडळातल्या (काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगांवर गेलाय; तुमचं रान वाहून गेलं आणि मंडळाची सरासरी बरी निघाली तर हाती काही येत नाही. फळपीक विम्यात हवामान केंद्रावरचा आकडा बघतात, तुमच्या बांधावरचा पाऊस नाही. ई-पीक पाहणी मात्र दर हंगामात स्वतःच्या मोबाईलवरून कराच, सातबाऱ्यावर पीक नसेल तर पिकाची मदत मागताना अडतं.

मुलाला परत बोलावू नका आणि तुम्हीही सगळे तिकडं जाऊ नका. एकोणीस हजारांत चाकणला खोलीचं भाडंच पाच-सहा हजार जाईल, वर चार माणसांचं दूध, धान्य, भाजी विकत. इथं तुमची भाकरी रानातून येते. त्याचा पगार हे सध्या तुमच्या घरातलं एकमेव पीक आहे ज्याला पाऊस लागत नाही, तर ते उभं राहू द्या. त्यानं महिन्याला किती पाठवायचं हे मात्र आकड्यात ठरवा, आणि तो आकडा त्याला जगायला पुरेल इतका शिल्लक ठेवून. गावची काळजी आणि कंत्राटी नोकरी दोन्ही डोक्यावर घेतलेली पोरं मी बँकेत समोर बसलेली बघितलीत.

हे सगळं मालकांना तोंडी सांगायला जाऊ नका, वाद होईल. शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर तिन्ही कर्जं, प्रत्येकासमोर वर्षाचं व्याज. दुसऱ्या पानावर गेल्या तीन वर्षांत रानात घातलेले पैसे आणि रानातून आलेले, टँकर वेगळा लिहून. तिसरं पान मालकांना लिहू द्या: पुढच्या वर्षी कुठल्या रानात काय. अक्षर त्यांचं असू द्या. मुलगा रजेवर येईल तेव्हा हे चौघांनी, सासूबाईंना धरून, एका संध्याकाळी बसून करा.

मग बँकेत जा, मालकांसोबत तुम्ही स्वतः. सातबारा, आठ-अ, पंचनाम्याची प्रत, दोघांचं आधार, कर्ज खात्याचं पासबुक, पुनर्गठनाच्या अर्जाच्या दोन प्रती आणि ती वही. सकाळी साडेदहालाच पोहोचा, बारानंतर कॅशची गर्दी होते आणि कर्ज विभागातला माणूस काउंटरवर बसतो. मोहोळहून परतताना शाळूचं रान बघत या. सध्या हुरडा धरला असेल.